रेट्यापुढे पाय उखडू नयेत म्हणून: तळव्यापासून हातापर्यंतचा सराव

कुस्तीतल्या खडाखडीत, म्हणजे डाव लागण्याआधी उभ्यानं चालणाऱ्या झटापटीत, समोरच्यानं छातीला हात लावून रेटलं की दोन पावलं मागे जाणारा पैलवान बहुतेक वेळा ताकदीनं कमी नसतो. त्याचा क्रम चुकलेला असतो. रेटा जाणवताच तो आधी हात ताठ करतो, मग छाती पुढे घालतो, मग श्वास कोंडतो. पायांकडे लक्ष जाईपर्यंत मातीवरची पकड सुटलेली असते. खान्देशातल्या गावोगावच्या तालमींत आणि यात्रेतल्या कुस्त्यांची दंगल तोंडावर आल्यावर घाईनं सुरू होणाऱ्या सरावांत ही चूक पुन्हा पुन्हा दिसते. जोर-बैठका भरपूर होतात, डावही शिकवले जातात, पण नुसतं उभं राहणं वेगळं काढून शिकवलं जात नाही.

खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे: तळवा, पवित्रा, गुडघा-कंबर, पाठ, श्वास, आणि हात त्यानंतर. हा क्रम मोडू नका. आधीचा टप्पा कच्चा असेल तर पुढच्या टप्प्यात तो झाकला जातो, सुधारत नाही. उदाहरणं कुस्तीची आहेत, पण ज्युदो किंवा कबड्डी खेळणाऱ्यालाही पहिले सहा टप्पे जसेच्या तसे लागू पडतात.

## आधी थोडं गणित

७० किलोचा माणूस पाय जुळवून ताठ उभा असेल तर त्याच्या वजनाची रेषा टाचांच्या मागच्या कडेपासून साधारण १० सेंटीमीटर पुढे पडते. त्याच्या छातीवर, जमिनीपासून १३० सेंटीमीटर उंचीवर, सरळ मागे ढकललं तर ७० गुणिले १० भागिले १३०, म्हणजे जेमतेम साडेपाच किलोच्या रेट्यानं तो टाचांवर जातो.

आता तोच माणूस एक पाय मागे टाकून, गुडघे मोडून उभा राहिला. वजनाची रेषा मागच्या टाचेपासून ४० सेंटीमीटरवर आली, छाती १०५ सेंटीमीटरवर उतरली. ७० गुणिले ४० भागिले १०५ केलं की सुमारे २७ किलो येतात. स्नायू तेच, वजन तेच, आणि सहनशक्ती पाचपट. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. घड वर जड, मुळं उथळ, म्हणून वादळात बाग आडवी होते.

दुसरी गोष्ट घसरण्याची. पाय जमिनीला किती धरून ठेवतो हे जमिनीच्या पोतावर आणि पायावर पडलेल्या वजनावर ठरतं. भुसभुशीत मातीत माणूस कलंडायच्या आधीच त्याचा पाय सरकतो. आणि तुम्ही समोरच्याला कोपराखालून जरा वर उचललंत तर त्याच्या पायांवरचं वजन घटतं आणि तेवढंच तुमच्या पायांवर वाढतं. त्याची पकड सैल होते, तुमची घट्ट होते. सातवा टप्पा सगळा याच एका गोष्टीवर उभा आहे.

## तयारी: जागा, जोडीदार, साहित्य

जागा. आपल्याकडची काळी माती कापसाला चांगली, या सरावाला नाही. ओली असली तर तळव्याला गोळे चिकटतात, वाळली की ढेकळं आणि भेगा. भेगेत अंगठा अडकला की मुरगळलाच म्हणून समजा. आखाड्याची लाल माती असेल तर उत्तम. ती वीतभर खोल उकरून, खडे वेचून, हलकं पाणी शिंपडून ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा, एवढीच ओल हवी. तालमीच्या रीतीप्रमाणे मातीत ताक, तेल, हळद नुकतीच घातली असेल तर ती मुरेपर्यंत हा सराव थांबवा. ताज्या तेलकट मातीत पाय का सरकला, हेच कळत नाही.

माती नसेल तर मॅट. तीही नसेल तर घरापुढचं सारवलेलं कोरडं अंगण पहिल्या पाच टप्प्यांना पुरतं. सहाव्या टप्प्यापासून पडण्याची शक्यता आहे, तिथे माती किंवा मॅटच लागते. फरशी आणि सिमेंट अजिबात नको.

तापी-गिरणेच्या पात्रातल्या वाळूत सराव करायचा मोह अनेकांना होतो. पायांच्या ताकदीसाठी वाळू चांगली आहे, पण या कामाला नाही. पाय वाळूत रुततो, त्यामुळे चुकीचा पवित्राही टिकल्यासारखा वाटतो आणि मॅटवर गेल्यावर फजिती होते.

वेळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ ठेवा. कळण्याची भाकरी आणि भरीत असं पोटभर जेवण झालं असेल तर मध्ये तीन तास जाऊ द्या. भरल्या पोटी खाली बसून श्वास घेता येत नाही.

जोडीदार. वजनात पाच किलोपेक्षा जास्त फरक नको, उंचीत फार तर वीतभर. नखं कापलेली असावीत, अंगठी, कडं आणि गळ्यातला दोरा काढून ठेवावा. ‘बस’ हा शब्द किंवा अंगावर दोन थापा म्हणजे तत्क्षणी सोडायचं, हे आधीच ठरवा.

साहित्य. आखायला चुना किंवा रांगोळी, चार मीटर सुती दोरी, कमरेपासून डोक्यापर्यंत पोचेल एवढी सरळ लाठी आणि उभं राहून वजन बघायचा स्प्रिंगचा वजनकाटा. काटा भिंतीला उभा टेकवून दोन्ही तळहातांनी ढकलून बघा. ५, १०, १५ आणि २० किलो म्हणजे हाताला नेमकं किती लागतं, हे जोडीदारानं आधी शिकायचं आहे. ही पाच मिनिटं कुणी देत नाही, आणि मग ‘हळू ढकल’ म्हटल्यावर एकाचं हळू दुसऱ्याचं जोरात निघतं.

अंग मोकळं करणं. आठ मिनिटं पुरेत. घोटे दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा फिरवा, मग गुडघे, कंबर आणि खांदे. पंधरा बैठका, दहा सपाट्या (जोर आणि बैठक एकत्र). मान फक्त सावकाश डावी-उजवी आणि वर-खाली, गोल गरागरा फिरवायची नाही.

> इशारा: गुडघ्याचं लिगामेंट दुखावलेलं असेल, हर्निया असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, मानेच्या किंवा कमरेच्या मणक्याचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर सहाव्या टप्प्यापासून पुढचं काहीही करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिले टप्पेही नकोत.

## टप्पा १: तळवा जमिनीला लावणं

अनवाणी उभे राहा. तळव्याचे तीन बिंदू लक्षात घ्या: अंगठ्याच्या मुळाशी असलेली गादी, करंगळीच्या मुळाशी असलेली गादी आणि टाच. तिन्हींवर सारखा दाब हवा. बोटं फाकवून जमिनीवर लांब ठेवा. मग बोटं न वळवता अंगठ्याखालची गादी टाचेकडे ओढल्यासारखं करा. तळव्याची कमान किंचित उचलली जाते, तिन्ही बिंदू मात्र जागचे हलत नाहीत. दहा सेकंद धरा, सोडा. प्रत्येक पायाला सहा वेळा.

बहुतेक जण इथेच बोटं आकडीसारखी वळवून माती धरायला बघतात. ‘पाय रोव’ म्हटल्याचा हा चुकीचा अर्थ आहे. बोटं वळली की गाद्या उचलल्या जातात, पोटरी आखडते आणि पाय पटकन हलवता येत नाही.

> तपासणी: ओलसर मातीवर अर्धा मिनिट उभे राहून पाय सरळ वर उचला. ठशात तिन्ही बिंदू सारखे खोल उमटले पाहिजेत. फक्त टाच खोल असेल तर तुम्ही मागे कललेले आहात. अंगठ्याची बाजू जास्त खोल असेल तर गुडघे आत पडत आहेत.

## टप्पा २: पवित्रा आखून घेणं

अंदाजानं उभं राहू नका, जमिनीवर आखा. समोरच्याच्या दिशेनं जाणाऱ्या दोन समांतर रेघा मारा. त्यांच्यातलं अंतर स्वतःच्या खांद्यांच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त ठेवा. डावा पाय डाव्या रेघेवर पुढे, उजवा पाय उजव्या रेघेवर मागे. पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पायाचा अंगठा यांच्यात पुढे-मागे एक पाऊल अंतर हवं, म्हणजे तुमचाच तळवा मध्ये मावेल एवढं. पुढचा पाय सरळ किंवा किंचित आत. मागचा पाय ३० ते ४० अंश बाहेर, त्याहून जास्त नाही. वजन पुढच्या पायावर थोडं जास्त, शंभरातले पंचावन्न.

मागचा पाय पूर्ण आडवा, ९० अंशात ठेवायची सवय फार जणांना असते. छायाचित्रात तो पवित्रा भक्कम दिसतो. प्रत्यक्षात त्या पायाचा गुडघा रेट्याच्या दिशेनं वाकूच शकत नाही, आणि सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो.

आता दोन्ही टाचा जोडणारी रेघ चुन्यानं मारा आणि तिला काटकोनात, दोन्ही बाजूंना, दुसरी रेघ मारा. जोडीदाराला एका बोटानं दोन्ही रेघांवरून आलटून पालटून ढकलायला सांगा. टाचांच्या रेघेवरून ढकललं तर तुम्ही हलत नाही. काटकोनातल्या रेघेवरून ढकललं तर बोटानंही डगमगता. त्या दुसऱ्या रेघेच्या दोन्ही टोकांना तुमचा पायच नाही. दोन पायांवर उभ्या असलेल्या कुणालाही असा रिकामा कोपरा असतोच, तो बुजवता येत नाही. डावा पाय पुढे असेल तर तुमचे रिकामे कोपरे दोन: मागे डावीकडे आणि पुढे उजवीकडे. चांगला पैलवान तुम्हाला सरळ मागे रेटत नाही. तो मागे डावीकडे रेटतो किंवा पुढे उजवीकडे ओढतो. स्वतःचे कोपरे पाठ करा, म्हणजे त्या दिशेनं हात आला की अंग आधी जागं होतं.

पाय बदलून हेच पुन्हा करा. पाय बदलला की कोपरेही बदलतात.

## टप्पा ३: गुडघा आणि कंबर

पवित्र्यात उभे राहून ओट्याच्या कडेवर बसता बसता थांबल्यासारखे खाली या. आधी कंबर मागे जाते, मग गुडघे वाकतात. उलटं केलं, म्हणजे आधी गुडघे पुढे ढकलले, तर वजन बोटांवर जातं आणि टाचा उठतात. दोन्ही गुडघे आपापल्या पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेनं राहिले पाहिजेत.

किती खाली बसायचं? जितकं खाली राहून पटकन पाऊल टाकता येतं, तितकंच. खूप खाली बसलं की मांड्या वीस सेकंदांत भरून येतात आणि पाय उचलायला आधी वर यावं लागतं. त्याच क्षणी पट निघतो, म्हणजे समोरचा वाकून तुमचा पाय धरतो आणि पाडतो. सुरुवातीला वीस-वीस सेकंद पाच वेळा धरा, मध्ये तीस सेकंद विश्रांती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पंचेचाळीस सेकंदांवर जा.

> तपासणी: जोडीदारानं टाळी वाजवली की कुठलाही एक पाय झटकन जमिनीपासून दोन बोटं उंच उचलून परत ठेवा. अंग फारसं न हलता जमलं तर उंची बरोबर. आधी अंग एका बाजूला टाकावं लागलं तर पाय फार फाकले आहेत किंवा तुम्ही फार खाली आहात.

> इशारा: गुडघा आत पडत असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. आत पडलेल्या गुडघ्यावर वरून रेटा आणि पीळ एकदम आला की लिगामेंट जातं.

## टप्पा ४: पाठ, मान, नजर

लाठी पाठीवर उभी धरायला जोडीदाराला सांगा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: माकडहाड, खांद्यांच्या पात्यांमधला भाग आणि डोक्याची मागची बाजू. हे तिन्ही स्पर्श न सोडता कमरेच्या सांध्यातून ३० ते ४० अंश पुढे झुका. वाकायचं आहे ते मांडी आणि धड जिथे जुळतात तिथे, पोटात नाही.

पाठीला कुबड आलं तर रेटा कमरेपर्यंत पोचतच नाही. पाठ तिथेच घडी होते आणि छाती वर उचलली जाते. कंबर उलटी, आत वाकली तर तो रेटा कमरेच्या मणक्यांवर साठतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुखतं.

नजर समोरच्याच्या छातीवर. पायांकडे बघितलं की मान खाली जाते आणि समोरच्याला मानेवर हात टाकून खाली ओढायला आयती संधी मिळते. डोळ्यांत बघणंही नको, डोळे हूल देतात. छाती मात्र हलल्याशिवाय माणूस हलू शकत नाही.

## टप्पा ५: श्वास

इथे फार काही नाही, पण चुकतं सगळ्यांचं. श्वास नाकानं खाली, पोटाच्या बाजूंना घ्यायचा. कमरेवर हात ठेवले तर बाजू फुगलेल्या कळल्या पाहिजेत. रेटा येताना दातांतून बारीक ‘स्स्’ करत थोडा थोडा सोडायचा. कोंडलेला श्वास तीन-चार सेकंद खूप भक्कम वाटतो, मग तो सोडावाच लागतो, आणि त्या सोडण्याच्या क्षणी अंग रिकामं होतं. जाणता पैलवान तेवढ्याचीच वाट बघत असतो.

## टप्पा ६: स्थिर रेटा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ मागतो, आणि त्याला तो द्या. दोन आठवडे इथेच राहिलात तरी नुकसान नाही.

१. तुम्ही पवित्र्यात, हात मांड्यांवर. जोडीदार दोन्ही तळहात तुमच्या खांद्यांच्या पुढच्या भागावर ठेवतो. गळ्यावर किंवा गळपट्टीच्या हाडावर नाही.

२. तो मनात तीन मोजत रेटा ५ किलोपर्यंत नेतो, दहा मोजेपर्यंत तसाच धरतो आणि तीन मोजत काढतो. धक्का नाही, दाब.

३. तुम्ही परत ढकलायचं नाही. रेटा खांद्यातून पाठीत, पाठीतून कमरेत आणि तिथून मागच्या पायाच्या टाचेत जातोय असं बघा. टाचेखालचा दाब वाढलेला जाणवला पाहिजे. खांद्यात किंवा मांडीच्या पुढच्या भागात ताण साठत असेल तर रेटा वाटेतच अडलाय. तिथे जोर लावू नका. कंबर दोन बोटं खाली घ्या, वाट मोकळी होते.

४. पाच वेळा पाय न हलता जमलं की १० किलो, मग १५, मग २०. एका दिवसात एकच पायरी वर जा.

५. डावा पाय पुढे जितक्या वेळा, उजवा पाय पुढे तितक्याच वेळा.

आता खरी परीक्षा. १० किलोच्या रेट्यावर जोडीदारानं न सांगता एकदम हात काढून घ्यायचे. तुम्ही जागच्या जागी राहिलात तर तुम्ही उभे होता. पाऊल पुढे पडलं तर तुम्ही उभे नव्हता, त्याच्या हातांवर टेकलेले होता. चिखलात रुतलेली बैलगाडी मागून ढकलताना अंग पुढे टाकलं तर चालतं, कारण गाडी अंग काढून घेत नाही. समोरचा पैलवान काढून घेतो, आणि वर हात धरून ओढतोही. म्हणून रेट्याला उत्तर पुढे झुकून द्यायचं नसतं, खाली बसून द्यायचं असतं.

दहापैकी आठ वेळा हात काढल्यावर पाऊल पडलं नाही, तरच पुढच्या वजनावर जा. पाऊल पडत असेल तर किलो वाढवून उपयोग नाही. टेकण्याची सवय तेवढी पक्की होईल.

## टप्पा ७: हात आता कामाला

हातांचं पहिलं काम रेटा अडवणं नाही, त्याची दिशा बदलणं आहे. दोन्ही कोपरं बरगड्यांजवळ ठेवा, मुठीएवढ्या अंतरात. कोपरापासून पुढचे हात समोरच्याच्या हातांच्या आतल्या बाजूनं जाऊ द्या. आतला हात ज्याचा, त्याला रेट्याची दिशा ठरवता येते.

जोडीदार १५ किलोनं रेटतोय. तुमचे तळहात त्याच्या कोपरांखाली लावा आणि ती कोपरं फक्त चार बोटांच्या रुंदीएवढी वर उचला. तुमची कंबर त्याच वेळी दोन बोटं खाली आली पाहिजे. त्याच्या टाचा हलक्या होतात आणि रेटा एकाएकी पातळ पडतो. सहा-सहा वेळांच्या तीन फेऱ्या.

दोन चुका इथे ठरलेल्या. एक, कोपर खांद्यापर्यंत वर उचलणं. मग तुम्हीही ताठ उभे होता आणि पहिल्या गणितातल्या साडेपाच किलोंवर परत येता. दोन, हात ताठ करून समोरच्याला लांब ठेवणं. ताठ हात म्हणजे त्याच्या हातात दिलेला दांडा. तो धरून तो तुम्हाला हवा तिकडे फिरवतो.

## टप्पा ८: रेटा वाटेला लावणं

२७ किलोच्या गणितापलीकडचा रेटा त्या पवित्र्यात उभ्यानं सहन होत नाही. तो सहन करायचाही नसतो. रेटा एका खांद्यावर जास्त येतोय असं कळलं की तोच खांदा मागे जाऊ द्या. पण खांदा एकटा नाही, कंबरेसकट. पुढच्या पायाच्या गादीवर किंचित वळा, मागचा पाय अर्धं पाऊल गोलाईत सरकवा. रेटणारा तुमच्या शेजारून पुढे निघून जातो आणि त्याची बाजू तुमच्यासमोर येते.

आधी दहा वेळा सावकाश करा, जोडीदारानं ५ किलोनंच रेटायचं. वळल्यावर पाय पुन्हा दुसऱ्या टप्प्यातल्या मापात आले आहेत का, हे प्रत्येक वेळी खाली न बघता सांगा आणि मग बघून पडताळा.

> इशारा: मॅटवर बूट घालून वळताना तळवा मॅटला चिकटतो आणि पीळ गुडघ्यात जातो. वळण्याआधी टाच केसभर उचला. लाल मातीत हा धोका कमी, तिथे पाय स्वतःच फिरतो.

## टप्पा ९: पाऊल कसं टाकायचं

पाय रोवणे म्हणजे पाय न हलवणे, हा समज काढून टाका. योग्य वेळी टाकलेलं छोटं पाऊल हाच रेट्याविरुद्धचा सगळ्यात मोठा आधार आहे. नियम तीनच आहेत, पण ते अंगवळणी पडायला महिना जातो.

ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. मागे जाताना मागचा पाय आधी, मग पुढचा. पुढे जाताना पुढचा आधी. डावीकडे जाताना डावा आधी.

एका पावलाची लांबी स्वतःच्या तळव्याएवढी, जास्त नाही. लांब पाऊल टाकताना पाय हवेत जास्त वेळ राहतो, आणि तेवढा वेळ तुम्ही एका पायावर असता.

पाय एकमेकांजवळ खांद्यांपेक्षा कमी अंतरावर येऊ द्यायचे नाहीत, आणि फुली तर कधीच नाही.

चार मीटरची दोरी जमिनीवर सरळ टाका आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून पवित्रा घ्या. जोडीदार १० किलोनं रेटत सरळ येतो, तुम्ही तळव्याएवढ्या पावलांनी दोरीच्या टोकापर्यंत मागे जाता. पाय दोरीला लागला की पाय जवळ आले. डोकं वर-खाली होत असेल तर प्रत्येक पावलाला तुम्ही उठता आहात. डोक्यावर घडी केलेला पंचा ठेवा, तो पडता कामा नये.

## टप्पा १०: धक्का, ओढ, मग खडाखडी

जोडीदार दोनदा रेटतो, तिसऱ्यांदा ओढतो. क्रम कळला की तो मोडा: कधी एक रेटा, कधी तीन. ओढ येताच अंग मागे टाकायचं नाही. पुढचा पाय तळव्याएवढा पुढे आणि कंबर खाली, एवढंच. मागे अंग टाकणाऱ्याला ओढणारा पुढच्याच क्षणी रेटतो आणि तो पाठीवर जातो.

हे दोन आठवडे झाल्यावर खुली खडाखडी घ्या. तीस सेकंदांच्या सहा फेऱ्या, मध्ये एक मिनिट. डाव टाकायचे नाहीत, पट काढायचे नाहीत. एकमेकांना दीड मीटर त्रिज्येच्या चुन्याच्या वर्तुळाबाहेर काढायचं.

मॅटवर उतरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे कुस्तीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं असतं आणि पाय बाहेर पडला की समोरच्याला १ गुण जातो. मातीतल्या कुस्तीत मागे सरकणं खपून जातं, मॅटवर ते गुणफलकावर दिसतं. कडेचा १ मीटरचा रंगीत पट्टा पायाखाली आला की सरळ मागे जाणं बंद. आठव्या टप्प्यातलं वळण तिथेच घ्यायचं.

## सहा आठवड्यांची मांडणी आणि हमखास बिघडणाऱ्या गोष्टी

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंचवीस मिनिटं. पहिला आठवडा टप्पे १ ते ५. दुसरा आणि तिसरा टप्पा ६, पण सुरुवातीला पाच मिनिटं मागची उजळणी. चौथ्यात ७ आणि ८, पाचव्यात ९ आणि रेटा-ओढ. सहाव्यात रेटा-ओढ चालू ठेवून शेवटच्या दिवशी खुली खडाखडी.

हा सराव जोर-बैठकांच्या आधी करा. शे-दोनशे बैठका झाल्यावर थकलेल्या मांड्या पवित्रा उंच करतात, आणि अंग तोच उंच पवित्रा शिकून बसतं. वस्तादांनी उलट क्रम ठरवला असेल तर त्यांना कारण सांगून विचारा. न विचारता बदलू नका, कारण त्यांच्या बाकीच्या वेळापत्रकाशी ते जुळलं पाहिजे.

आपल्यापेक्षा पंधरा-वीस किलो जड जोडीदारावर सराव केला की लवकर तयारी होते, असं समजलं जातं. होत नाही. जड माणूस रेटतो तेव्हा टिकायचं एवढंच अंगाला कळतं, आणि टिकायला ते टेकतं, श्वास कोंडतं, हात ताठ करतं. ज्या सवयी मोडायच्या त्याच पक्क्या होतात. जड जोडीदार सहाव्या आठवड्यानंतर, आणि तोही ठरवलेल्या किलोंत.

दर शनिवारी एक नोंद वहीत करा: दोन्ही पवित्र्यांत किती किलोंपर्यंत दहा मोजेपर्यंत पाय हलला नाही, आणि अचानक हात काढल्यावर दहापैकी किती वेळा पाऊल पडलं. दोन पवित्र्यांत पाच किलोंहून जास्त फरक असेल तर पुढचा आठवडा कमी पडणाऱ्या बाजूला दुप्पट वेळ द्या. किलो वाढताहेत पण पडणारी पावलंही वाढताहेत, असं दिसलं तर वजन ५ किलोंवर आणा, चुन्याची फक्की घ्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या रेघा पुन्हा आखा.